कोतवाल दारात आला की

फ्रान्समधल्या सेरिलाक गावात इलेर फूर्नोल रस्त्याच्या मधोमध चालायचा. मागून बैलगाडी आली तरी बाजूला व्हायला त्याला अंमळ वेळच लागायचा. परगावचा गाडीवान म्हणायचा, काय मिजास आहे. गावातले लोक काही बोलायचे नाहीत. मिजास नव्हती ती. कडेनं चाललं की प्रत्येक दाराआडच्या माणसाला वाटतं, हा आता आपल्याकडेच वळणार. मधोमध चाललं की तेवढं वाटत नाही. हे त्याला लढाईच्या दुसऱ्या वर्षी सुचलं होतं. लढाई संपून आठ वर्षं झाली तरी त्याची चाल तीच होती, आणि तो दिसला की खिडक्यांच्या झडपाही तशाच ओढून घेतल्या जात होत्या. लढाई संपल्यावर जन्मलेली मुलंसुद्धा ओढायची. आई ओढते म्हणून.

तो पालिकेचा कोतवाल होता. कमरेला ढोल बांधायचा, चौकात उभा राहून दवंडी द्यायची, रात्री-अपरात्री कुणी दुसऱ्याचे अक्रोड झोडून नेत नाही ना हे पाहायचं, ही त्याची नोकरी. तरुणपणी दगडखाणीत कपची उडून त्याचा डावा डोळा गेला होता. त्यामुळे तो खाणीतून सुटला, आणि पुढे फौजेतूनही सुटला.

नोकरी त्याला ओक्ताव्ह बेर्जालनं दिली. दोघं एका वर्षाचे, शाळेत एका बाकावर बसलेले. ओक्ताव्हचा बाप लाकडी जोडे कोरायचा. पोरगा हुशार निघाला, शिष्यवृत्तीवर शिकला, वकील झाला, बत्तिसाव्या वर्षी गावचा नगराध्यक्ष झाला आणि दोन वर्षांत, नगराध्यक्षपद न सोडता, पॅरिसला खासदार. लोक म्हणायचे, देवानं ओक्ताव्हला शब्द दिले आणि इलेरला आवाज. ओक्ताव्ह खुर्चीवर चढून बोलायला लागला की बाजारातली गुरंही रवंथ थांबवतात, असं पेय्रा खानावळवाला शपथेवर सांगायचा. "आणि इलेर बोलला की दूध नासतं," असं तो पुढे म्हणायचा. तेव्हा ती नुसती थट्टा होती.

बेर्जाल कितीही मोठा झाला तरी शुक्रवारच्या गाडीनं गावी यायचा आणि शनिवारी सकाळी पालिकेत त्याचा दरबार भरायचा. ओट्यापासून जिन्यापर्यंत रांग. कुणाला पुतण्यासाठी टपालखात्यात चिकटवून हवं असायचं, कुणाला रस्त्याला खडी, कुणाच्या गायीला सरकारी वळू. बेर्जालला माणसांची नावं पाठ, गायींचीही. तो नाही म्हणत नसे. "बघू या" म्हणायचा आणि खरंच बघायचा. काम झालं की स्वतः चालत त्या घरी जायचा, स्वयंपाकघरातल्या बाकावर बसायचा, सूप संपत आलं की गावच्या रीतीनं त्यात घोटभर वाइन ओतून वाडगा तोंडाला लावायचा, अगदी आपल्यातल्यासारखा. मग सांगायचा, झालं तुमचं काम. त्याचं सारं राजकारण त्या बाकांवर उभं होतं.

मग एकोणीसशे चौदा सालचा ऑगस्ट आला. चर्चची घंटा वाजली, इलेरनं ढोल वाजवला, आणि पोरं लढाईवर गेली.

माणूस पडला की फौजेकडून कागद यायचा तो नगराध्यक्षाकडे. नगराध्यक्षानं तिरंगी पट्टा बांधून त्या घरी जायचं आणि सांगायचं, अशी रीत होती. पहिला कागद पिठाच्या गिरणीवरच्या रूशे म्हातारीच्या पोराचा. बेर्जाल गेला. म्हातारीनं त्याच्या कोटाचं बटण धरलं ते सोडेना, शेवटी तुटून तिच्या हातात राहिलं. दुसऱ्या घरीही तोच गेला. तिसऱ्या घरच्या बाईनं त्याला गल्लीत वळताना पाहिलं आणि आतून अडसर टाकला. "मतं मागायला या," ती आतून ओरडली. "हे घेऊन येऊ नका." गावाचा खासदार पट्टा बांधून पावसात अडसराशी उभा राहून बोलत राहिला. आतून कुणी ओ दिली नाही.

त्या संध्याकाळी त्यानं इलेरला कचेरीत बोलावलं.

"यापुढे तू जात जा."

"मी? साहेब, मला पट्टा नाही."

"पट्ट्याचं काय घेऊन बसलास. लोकांना ओळखीचं माणूस लागतं."

"तुम्ही काय अनोळखी आहात?"

बेर्जाल शांतपणे म्हणाला, "मला या घरांतून पुढे वर्षानुवर्षं जायचं आहे, इलेर. मी दिसलो की बायांनी अडसर टाकला, तर मी कुणाच्या उपयोगी पडणार? पेन्शन कोण मिळवून देणार त्यांना?"

हे खोटं नव्हतं, आणि इलेरलाही ते खोटं वाटलं नाही. शिवाय ज्यानं नोकरी दिली त्याला नाही कसं म्हणायचं. तो गेला.

चार वर्षं तो जात राहिला. साठाच्या वर घरं. सुरुवातीला फाटकाशी टोपी काढायचा. मग टोपी काढलेला इलेर दिसला की बाया खाली बसू लागल्या. म्हणून टोपी घालूनच जाऊ लागला, तर टोपीचीही भीती बसली. मग त्यानं आधी शेजारणीला बोलवायचं ठरवलं, म्हणजे धरायला कुणी असेल. पण शेजारणीच्या दारात उभं राहून "तुमच्यासाठी नाही, चला जरा" म्हणेपर्यंत तीही पांढरीफटक व्हायची. शब्द त्यानं एक एक करून टाकून दिले. शेवटी शेवटी बोलावंच लागत नसे. दार उघडायचं आणि आतून कसला तरी वास यायचा. प्रत्येक घरी चुलीवर काहीतरी असायचंच, आणि ते जळायचं. पुढे आयुष्यभर दूध उतू गेल्याचा वास आला की इलेर उठून बाहेर जायचा.

या सगळ्यांत एकाच घरी त्याला बसायला सांगितलं. नोएमी व्हियाल. नवरा अँतोनँ घोड्यांना नाल ठोकायचा. सोळा सालच्या उन्हाळ्यात इलेर धोबीघाटाजवळच्या त्या गल्लीत गेला, तेव्हा ती छातीशी पाव धरून सुरीनं कापत होती. तिनं पाहिलं. सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "बसा. उन्हातून आलात." पेल्यात वाइन ओतली. तो प्यायला आणि ती टेबलाची कड धरून उभी राहिली. कोपऱ्यात अकरा वर्षांचा फेर्नां होता. इलेर पेला संपवून उठला, आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन प्रथमच, कुणाच्याही घरासाठी नव्हे तर स्वतःसाठी, भिंतीला टेकून रडला.

लढाई संपली. चौकात दगडाचा स्तंभ उभा राहिला, त्यावर नावं कोरली. दरवर्षी अकरा नोव्हेंबरला, लढाई थांबली त्या दिवशी, इलेर एक एक नाव पुकारायचा आणि शाळेची पोरं एका सुरात म्हणायची, "फ्रान्ससाठी मेला." बेर्जाल शेजारी पट्टा बांधून उभा असायचा. आता तो मंत्री होता. आधी शेतीखातं, मग बांधकाम. विधवांना पेन्शनी मिळाल्या, त्या त्यानं मिळवून दिल्या. गिरणीपर्यंत रस्ता झाला, तोही त्यानंच केला. लोकांच्या घरात येशूच्या तसबिरीखाली त्याचा फोटो असायचा. तो आला की बाया एप्रनला हात पुसत पुढे यायच्या.

इलेरला कुणी वाईट बोलायचं नाही. डुक्कर कापलं की रक्ताच्या सॉसेजची ताटली त्याच्याही वाट्याची निघायची. पण ती त्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली मिळायची. ठेवणारा कधी दिसला नाही. पेय्राच्या खानावळीत तो उभ्यानंच प्यायचा, कारण तो टेबलाशी बसला की त्या टेबलावरचं बोलणं आटायचं.

एकदा, बावीस साली असेल, पाऊस चांगला झाला आणि जंगलात आळंबी उदंड उगवली. इलेरनं टोपलीभर गोळा केली आणि हिय्या करून धोबीघाटाची गल्ली धरली. त्या गल्लीत दोनच घरं, त्यांतलं एक ओस. नोएमीनं दार उघडलं. तिचा हात टेबलाकडे गेला.

"आळंबी आहे," इलेर म्हणाला.

"दिसतंय."

"चांगली आहे. मी पाहून घेतली."

"ठेवा तिथे." मग तिनं श्वास सोडला. "फूर्नोल, तुम्ही वाईट माणूस नाही. हे मला कळतं. पण तुम्ही दारात उभे राहिलात की अँतोनँ पुन्हा एकदा मरतो. मी काय करू, सांगा."

टोपली ठेवून तो निघाला. दुसऱ्या दिवशी टोपली धुऊन पुसून त्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर होती.

त्या दिवसापासून एक विचार इलेरच्या डोक्यात बसला. त्या दाराला त्याच्याकडून एकच बातमी मिळाली होती. दुसरी मिळाली, चांगली मिळाली, तर दार विसरेल. नोएमी त्याला माणूस म्हणून पाहील. मग तो आळंबी घेऊन, सरपण घेऊन, किंवा काहीही न घेता जाऊ शकेल. पण चांगल्या बातम्या त्याच्या हाती कधी येतच नव्हत्या. त्या साऱ्या बेर्जालच्या होत्या.

सव्वीस सालच्या हिवाळ्यात तंबाखूच्या दुकानाचा म्हातारा मालक वारला. त्या दुकानाचा परवाना सरकारचा, आणि तो सहसा लढाईतल्या विधवेला मिळायचा. मिळायचा म्हणजे ज्या विधवेसाठी मंत्री शब्द टाकील तिला. पुढच्या शनिवारी इलेर धुतलेला सदरा घालून दरबाराच्या रांगेत उभा राहिला.

रांगेत एकदम शांतता झाली. पुढचा शेतकरी मागे वळला.

"इलेर? कोण गेलं?"

"कुणी नाही. मला काम आहे."

"तुला? साहेबांकडे?" त्यानं सुटकेचा श्वास टाकला. "मग आधी सांगायचंस ना, बाबा. एक तर माझी म्हातारी आजारी."

"कोतवालाला बढती पाहिजे असेल," मागून एक जण म्हणाला. "आता घोड्यावरून येणार सांगायला."

बेर्जालनं त्याला पाहून खुर्ची पुढे ओढली. वीस वर्षांत हा माणूस या बाजूनं कधी आला नव्हता.

"बोल. छप्पर गळतंय?"

"नाही साहेब. तंबाखूचं दुकान. नोएमी व्हियालला मिळावं."

"मिळेल. माझ्याही मनात तीच होती." मग त्यानं इलेरकडे नीट पाहिलं आणि हसला. "लग्नबिग्न करतोयस की काय?"

इलेरचे कान तापले. "तसं नाही. दुसरं एक मागणं आहे. कागद आला की मी न्यायचा. तुम्ही नाही."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

बेर्जालचं हसू ओसरलं. तो मूर्ख नव्हता. त्याला कळलं की काय मागितलं गेलंय, आणि का. तो पुढे वाकून म्हणाला, "शब्द दिला."

छोटे शब्द त्यानं आयुष्यात कधी मोडले नाहीत. म्हणूनच तर तो मोठा झाला.

मे महिन्यात गुरांचं प्रदर्शन भरलं. चौकात लाल गायी रांगेनं बांधल्या होत्या, बक्षिसं वाटायला मंत्री आला होता, जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. व्यासपीठावर चढण्याआधी बेर्जालनं कोटाच्या खिशातून सरकारी शिक्क्याचा लिफाफा काढला आणि इलेरच्या हातात ठेवला.

"जा. मी भाषण लांबवतो. तू परत येईपर्यंत नाही संपवत."

इलेर निघाला. काय बोलायचं ते त्यानं घोकून ठेवलं होतं: नोएमी, तंबाखूचं दुकान तुमचं झालं. टोपी काढायची नाही. चेहरा हसरा ठेवायचा. चौकातून खाली तो नेहमीसारखा रस्त्याच्या मधून चालला, आणि धोबीघाटापाशी वळला.

त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही, किंवा आली असून आनंदात विसरली. फेर्नां आता विशीचा होता. शरद ऋतूपासून फौजेत होता आणि फौज मोरोक्कोत डोंगरी लोकांशी लढत होती. कित्येक आठवड्यांत पोराचं पत्र नव्हतं.

नोएमी खिडकीशी इस्त्री करत होती. तिनं इलेरला गल्लीत वळताना पाहिलं. हातात शिक्क्याचा लिफाफा. अंगात धुतलेला सदरा. आणि चेहऱ्यावर ते हसू, जे त्याला कधीच जमलं नव्हतं. गल्लीत दुसरं घर ओस होतं. तो दुसऱ्या कुणाकडे येणार?

इलेरनं दार ठोकलं. "नोएमी, मी इलेर. चांगली बातमी आहे."

आतून काही नाही.

"ऐकलंत का? चांगली आहे."

तेवढ्यात त्याला वास आला. त्यानं दार ढकललं. टेबलावर कुणाचा तरी पांढरा सदरा होता आणि त्यावर इस्त्री तशीच टेकवलेली, खालून धूर निघत होता. मागचं दार सताड उघडं. इलेरनं इस्त्री उचलून बाजूला ठेवली आणि मागे धावला. परसात विहीर होती. आधी तो विहिरीशीच गेला. कठड्यावर पोट टेकून, एका डोळ्यानं, आत बघत राहिला. काळ्या पाण्यात त्याचंच डोकं दिसत होतं. त्यानं तिचं नाव घेऊन हाक मारली. पाण्यातून त्याचाच आवाज वर आला, तोच, ज्यानं दूध नासतं म्हणायचे.

ती तिथे नव्हती. ती परसांमधून, कुंपणं ओलांडून, चौकात पोचली होती.

बेर्जाल अक्रोडाच्या भावाबद्दल बोलत होता. शब्दाला जागून लांबवत होता. गायींच्या रांगेतून एक बाई बोडक्या डोक्यानं, घरातले लाकडी जोडे खडखडवत येताना लोकांनी पाहिली आणि वाट दिली. ती व्यासपीठाच्या खाली येऊन थांबली.

"ओक्ताव्ह, खाली उतर."

मंत्र्याला इतक्या वर्षांत कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. तो बोलायचा थांबला.

"अँतोनँच्या वेळी तू कोतवालाला पाठवलंस. माझ्या पोराचं तू सांग. तुझ्या तोंडानं सांग. त्याला मी दारात घेणार नाही. मला तुझ्याकडून ऐकायचंय."

चौकात कुणी हललं नाही. एक गाय शेपटी झटकत होती, तेवढाच आवाज. क्षणभर बेर्जालला काही उमगलं नाही. मग उमगलं. पुढच्या रांगेतले लोक नंतर सांगायचे की त्याचा चेहरा त्या क्षणी पावसात अडसराशी उभ्या असलेल्या माणसासारखा झाला. पण तो क्षणच. तो पायऱ्या उतरून खाली आला आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"फेर्नां जिवंत आहे, नोएमी. त्याच्याबद्दल कागद आलेला नाही. कागद आलाय तो तंबाखूच्या दुकानाचा. दुकान तुझं झालं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग ती होती तिथेच खाली बसू लागली. बेर्जालनं तिला सावरून धरलं. लोकांनी टोप्या उडवल्या, बँडवाल्यांनी कुणी न सांगता वाजवायला सुरुवात केली, आणि फोटोवाल्यानं नेमका तेव्हा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला: मंत्री आणि शहिदाची पत्नी.

इलेर धापा टाकत चौकाच्या टोकाशी पोचला तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. कुणीतरी त्याच्या हातातला लिफाफा पाहिला. "अरे, परवाना याच्याकडे आहे. पुढे द्या, पुढे द्या." लिफाफा त्याच्या हातातून निघाला आणि हातोहात, लोकांच्या डोक्यांवरून, बेर्जालपर्यंत गेला. बेर्जालनं तो नोएमीला दिला. देताना त्यानं मान वर करून गर्दीत इलेरला शोधलं. दोघांची नजर भेटली. काय करणार होतो मी, असं काहीसं त्या नजरेत होतं. आणि खरंच, तो दुसरं काय करणार होता?

संध्याकाळी पेय्राकडे सगळे खुशीत होते.

"इलेर, चांगली बातमी द्यायचीही एक रीत असते रे," पेय्रा म्हणाला. "आधी हसायचं."

"हसला होता म्हणे."

"मग तेच चुकलं. याचं हसू पाहून मी पण पळालो असतो."

इलेरनं पेला तसाच ठेवला आणि घरी गेला. तो पुन्हा धोबीघाटाच्या गल्लीत गेला नाही. दुकान सुरू झालं, तिकडेही गेला नाही. चौकात ढोल वाजवायचा तर दुकानाकडे पाठ करून वाजवायचा. फेर्नां सुखरूप परत आला. ती बातमीही गावाला फेर्नांनं स्वतः, स्टेशनवरून चालत येऊन दिली.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी इलेर चुलीवर चेस्टनट भाजत होता आणि त्याच्या दारावर थाप पडली.

त्याच्या दारावर कधी कुणी थाप मारत नसे. तो उठला, आणि त्याच्यानं पाऊल पुढे टाकवेना. त्याला ना बायको, ना पोर, आईबाप कधीच गेलेले. मरायला त्याचं असं कुणीच उरलं नव्हतं. तरी हात आपोआप टेबलाच्या कडेवर गेला. चेस्टनट करपू लागले. पुन्हा थाप पडली. बाहेर जो कोण आहे त्यानं निघून जावं, असं त्याला वाटलं. इतक्या वर्षांत त्याला हे आतून कधी पाहायला मिळालं नव्हतं.

"कुणी मेलेलं नाही," बाहेरून नोएमीचा आवाज आला. "उघडा."

त्यानं उघडलं. ती आत आली आणि आधी चुलीवरचा तवा उतरवला.

"दुकान उघडून सात महिने झाले. सगळं गाव येऊन गेलं. तुम्ही नाही."

"मी ओढत नाही."

"मग तपकीर घ्या. शिंका तरी येतील, कुणी 'देव बरं करो' म्हणेल." ती बाकावर बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्या दिवशी इस्त्री तुम्ही उचललीत?"

"हो."

"घर जळलं असतं."

तो तव्यातले करपलेले चेस्टनट निवडू लागला.

"फूर्नोल, एक सांगते. तुम्ही माझ्या दारात येऊ नका. मी प्रयत्न करून पाहिला. रात्री पडल्या पडल्या मनात म्हणून पाहते, इलेर आला, इलेर आला, काही झालं नाही. पण खिडकीतून तुम्ही नुसते रस्त्यानं जाताना दिसलात तरी माझा हात टेबल शोधतो. ते आता जायचं नाही. म्हणून तुम्ही येऊ नका. मी येत जाईन."

"लोक बोलतील."

"बोलू देत. तंबाखूला माझ्याकडेच येणार आहेत."

ती रविवारी दुपारी येऊ लागली. विणकाम आणायची, तो चेस्टनट सोलायचा. पोचताच बाहेरून म्हणायची, "कुणी मेलेलं नाही," आणि मग आत यायची. कारण थाप ऐकली की तोही आता कड धरून उभा राहत होता. लग्न त्यांनी केलं नाही. केलं असतं तर एका घरात राहावं लागलं असतं, आणि कधी ना कधी तो बाहेरून येऊन दारात उभा राहिलाच असता.

बेर्जाल चढत गेला. एका उन्हाळ्यापुरता तो देशाचा पंतप्रधानही झाला. गावानं कमान उभारली, आणि कमानीची फुलं सुकायच्या आत सरकार पडलं. चाळीस साली जर्मन आले आणि सारे खासदार व्हिशी गावच्या नाट्यगृहात जमले, तेव्हा जर्मनांशी तह करणाऱ्या म्हाताऱ्या मार्शलच्या हाती सगळी सत्ता द्यायला त्यानं हात वर केला. परत येऊन पेय्राकडे म्हणाला, "मला पुन्हा ती नावं कोरायची नव्हती." काही जणांनी माना हलवल्या. काही जण पेला सोडून उठले.

चव्वेचाळीसच्या जूनमध्ये जर्मनांनी अक्रोडाच्या रस्त्यावर गावची सात पोरं उभी करून मारली. बेर्जाल इलेरच्या घरी आला. थाप मारली, आणि आत इलेर किती वेळ उभा होता हे त्याला कळलं नाही.

"इलेर, तू जाशील?"

इलेर अडुसष्ट वर्षांचा होता. "नाही साहेब. या वेळी नाही."

बेर्जाल उंबऱ्यात उभा राहिला. मग त्यानं कोटाखालून पट्टा काढला आणि बांधला. "एकटा?"

"मी मागं येतो."

सातही घरी बेर्जाल गेला. इलेर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. बेर्जालनं नीट सांगितलं असावं. एका घरातून तो थुंकी पुसत बाहेर आला, तरी पुढच्या घरी गेला. हे नंतर कुणी त्याच्या खात्यावर धरलं नाही. लढाई संपल्यावर मार्शलला मत देणाऱ्यांना निवडणुकीला उभं राहायची बंदी झाली, पट्टा काढून घेतला गेला, तसबिरीखालचे फोटो उतरले. चौकावरच्या घरात खिडकीशी तो बसून असायचा. शनिवारी सकाळी कॉलर घालून तयार व्हायचा. रांग नसायची. लोक पलीकडच्या कडेनं जायचे आणि खिडकीकडे पाहायचे नाहीत. अशी दोन वर्षं काढून तो एका सकाळी खुर्चीतच गेला. दवंडी इलेरनं दिली. त्या दिवशी झडपा कुणी ओढल्या नाहीत. ऐकायला कुणी बाहेरही आलं नाही.

इलेर त्यानंतर चार हिवाळे जगला. फेब्रुवारीत एका रविवारी नोएमी नेहमीसारखी आली. थाप मारली, बाहेरून नेहमीचं ते म्हणाली, आणि वाट पाहिली. मग दार ढकललं. तो चुलीशेजारी बाकावर होता, मान भिंतीला टेकलेली. तिनं त्याचा हात हातात घेऊन पाहिला. विणकामाची पिशवी खाली ठेवली आणि समोर बसली. अंधार पडेपर्यंत बसली.

दुसऱ्या दिवशी पालिकेतला नवा नगराध्यक्ष, कोवळा पोरगाच तो, तिच्या दुकानात आला आणि म्हणाला, माफ करा, तुम्हाला कुणीतरी येऊन सांगायला हवं होतं.

"नाही," नोएमी म्हणाली. "मी तिथेच होते."